बुजुर्गांच्या घरचे ब्रॉडबँड : दराआधी दुरुस्तीवाला पाहा

महाड औद्योगिक वसाहतीत, बिरवाडी-नांगलवाडीच्या बाजूला किंवा पोलादपूरच्या बाजारात ज्यांचे दुकान, वर्कशॉप वा लहानसा कारखाना आहे, त्या आमच्या बांधवांना ब्रॉडबँड ही आता नवी चीज राहिलेली नाही. जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, बँकेचे व्यवहार, गिऱ्हाइकाने मोबाइलवरून दिलेले पैसे, सर्व काही त्यावरच चालते. दुकानात जोडणी घेताना हे लोक दहा ठिकाणी चौकशी करतात, भाव पाडून घेतात, पावती मागतात. पण हीच मंडळी गावी राहणाऱ्या वडिलांसाठी, मामूंसाठी, फुफीसाठी जोडणी घ्यायला निघतात तेव्हा तो सारा हिसाब दुकानातच ठेवून जातात. जाहिरातीतला आकडा पाहायचा, वर्षाचे पैसे एकरकमी भरायचे आणि फर्ज अदा झाले म्हणून मोकळे व्हायचे. पुढे जुलैचा पाऊस सुरू झाला की पेटीवर लाल दिवा लागतो आणि म्हातारा माणूस पंधरा-पंधरा दिवस त्या दिव्याकडे पाहत बसतो.

यंदा उन्हाळ्यात आमच्या मामूंसाठी जोडणी घेण्याचे काम आमच्याकडे आले. वय ७८, राहणार पोलादपूर तालुक्यातील एका वाडीत, घरात ते आणि मुमानी, थोरला मुलगा शारजात, धाकटा पनवेलला. कंपनीकडून निरोप आला होता की तांब्याच्या तारेचा जुना फोन आता फायबरवर न्यावा. त्याच आठवड्यात दुसरा एक एजंट घरी येऊन वर्षाचे पैसे भरले तर दोन महिने फुकट, असे सांगून गेला होता. मामूंनी पैसे काढूनही ठेवले होते. आम्ही म्हटले, मामू, चार दिवस थांबा, कापड घेताना ताका उलगडतो तसा हा मालही उलगडून पाहू. त्या चार दिवसांत जी चौकशी केली, ती वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे सविस्तर देत आहोत.

पहिला प्रश्न कंपनीला नव्हे, माणसाला

आपण आधी कंपन्यांची यादी करतो. खरे तर आधी बुजुर्गांना विचारावे की तुम्हाला हे कशासाठी हवे. आम्ही विचारले तेव्हा मामू म्हणाले, "मला त्या सिनेमांचं काय करायचंय? शारजाचा पोर दिसला पाहिजे, आणि माझा नंबर जायला नको. तो नंबर सगळ्यांच्या डायरीत आहे." मुमानींना टीव्हीवर दर्स ऐकायचे होते. सुट्टीत पनवेलची नात आली की तिचा क्लास मोबाइलवर चालतो. संपली मागणी.

आता या मागणीला किती माल लागतो ते पाहू. ब्रॉडबँडमध्ये दोन मापे असतात आणि बहुतेक लोक त्यांची गल्लत करतात. एक वेग, तो एमबीपीएसमध्ये सांगतात. दुसरा साठा, तो जीबीमध्ये. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर वेग म्हणजे कापडाचा पन्हा आणि जीबी म्हणजे ताक्याची लांबी. पन्हा मोठा असला म्हणून ताका लांब असतो असे नाही.

एका चांगल्या व्हिडिओ कॉलला दोन ते तीन एमबीपीएस पुरतात. टीव्हीवर स्वच्छ चित्र पाहायला पाच लागतात. नातीच्या क्लासला आणखी तीन धरा. तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या तरी अकराच्या वर जात नाही. म्हणजे ३० एमबीपीएसची योजना मामूंच्या घराला पुरून उरते. शंभर एमबीपीएस घेतले म्हणून पोराचा चेहरा तिप्पट स्पष्ट दिसणार नाही. आणखी एक बारकावा. एमबीपीएसमध्ये 'बी' आहे तो बिटचा, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. ३० एमबीपीएसवर सेकंदाला पावणेचार मेगाबाइट येतात. दीड जीबीची फिल्म उतरायला साधारण पावणेसात मिनिटे लागतील. कोणी 'तीस म्हणजे सेकंदाला तीस मेगाबाइट' असे सांगत असेल तर त्याला मापच ठाऊक नाही असे समजावे.

साठ्याचे म्हणाल तर अनेक घरगुती योजनांत महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते आणि ती संपली की वेग खाली येतो. ३३०० म्हणजे दिवसाला ११० जीबी. स्वच्छ चित्राचा टीव्ही तासाला सव्वादोन जीबी घेतो. एवढा माल संपवायला दिवसाचे ४९ तास टीव्ही चालवावा लागेल. सबब या मर्यादेची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मात्र काही स्वस्त योजनांत हा आकडा बराच लहान असतो आणि वर 'अनलिमिटेड' असे ठसठशीत छापलेले असते. तेथे विचारावे की साठा किती आणि तो संपल्यावर वेग किती राहतो. अनलिमिटेडचा अर्थ बहुधा एवढाच की लाइन बंद पडत नाही, वेग मात्र आटतो. कच्च्या मांजरपाटासारखेच हे. किती आटणार ते आधी विचारलेले बरे.

'ब्रॉडबँड' या शब्दावरही भाळू नये. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएस वेगालाच ब्रॉडबँड म्हटले होते. २०१३ मध्ये तो आकडा ५१२ झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये दोन एमबीपीएस. म्हणजे नियमाच्या भाषेत आजही दोन एमबीपीएसची लाइन ब्रॉडबँड ठरते. जाहिरातीत '१०० एमबीपीएसपर्यंत' असे असते, तेव्हा त्यातला 'पर्यंत' हा शब्द मोठ्याने वाचावा.

वेग पाहायचा तर शेजाऱ्याच्या घरी, रात्री नऊच्या सुमारास, मोबाइलवर मोजून पाहावा. सकाळी अकरा वाजता सगळ्याच लाइनी धावतात. मोजताना खाली येणारा आणि वर जाणारा असे दोन्ही आकडे बघावेत. मामूंचे तोंड शारजात दिसायचे ते वर जाणाऱ्या वेगावर. फायबरमध्ये तो बहुधा बरा असतो, हवेतून येणाऱ्या जोडणीत तो पुष्कळ कमी निघतो.

खांबापासून घरापर्यंत

आता मुख्य मुद्द्यावर येतो. वाडीत आणि शेजारच्या वाड्यांत मिळून नऊ घरांत फायबर आलेले होते. आम्ही त्या नऊही घरी गेलो आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला : गेल्या पावसाळ्यात लाइन किती दिवस बंद होती, आणि दुरुस्तीला कोण आले? दर किती, वेग किती, हे नंतर.

एका घरी लाइन सलग १९ दिवस बंद होती. कंपनीचे नाव येथे लिहिण्याचे कारण नाही, कारण ओढ्यापलीकडच्या वाडीत त्याच कंपनीची, त्याच दराची लाइन त्याच पावसात दोन दिवसांत सुरू झाली होती. फरक कशाचा? अलीकडच्या वाडीचे काम ज्याच्याकडे, तो माणूस तीस किलोमीटरवर राहतो आणि त्याच्याकडे फायबर जोडण्याचे यंत्र स्वतःचे नाही, भाड्याने आणतो. पलीकडच्या वाडीचा माणूस तेथलाच, यंत्र त्याच्या घरी, आणि मोटरसायकल काढली की दहा मिनिटांत खांबाखाली.

ही गोष्ट शहरातल्या मुलांच्या लक्षात येत नाही. त्यांना वाटते कंपनी म्हणजे कंपनी. पण ग्रामीण भागात शेवटची तार ओढण्याचे आणि सांभाळण्याचे काम अनेक ठिकाणी स्थानिक केबल व्यावसायिक करतात. कंपनी त्यांच्याशी उत्पन्नाची वाटणी करते. बिल मोठ्या नावाने येते, शिडी मात्र गावातल्या माणसाची असते. आमच्याच धंद्यात पाहा. एकाच मिलचे कापड दोन दुकानांत मिळते, पण फाटका ताका कोण बदलून देतो आणि कोण 'मिलला कळवतो' म्हणून दोन महिने फिरवतो, हे गिऱ्हाइकाला बरोबर ठाऊक असते. मिलचे नाव पाहून कोणी दुकान निवडत नाही. म्हणून आमचे मत असे की महाड-पोलादपूरसारख्या मुलखात कंपनी निवडू नये, दुरुस्तीवाला निवडावा. त्याचे नाव, गाव, मोबाइल नंबर विचारावा, त्याच्याकडे किती घरे आहेत ते विचारावे, जोडणीचे यंत्र त्याचे स्वतःचे आहे का ते विचारावे. एजंट हे सांगू शकला नाही तर पैसे खिशातच ठेवावेत.

तारेचा रस्ताही चालून पाहावा. फायबर म्हणजे केसाएवढी काच. तिच्यातून प्रकाश जातो. ताण पडला, पिळ बसला, कोपऱ्यावर घट्ट वाकवली की प्रकाश मंदावतो, आणि फांदी पडली की तुटते. तार कोणत्या खांबांवरून येते, वर आंब्या-फणसाच्या फांद्या आहेत का, रस्त्याचे खोदकाम चालू आहे का? मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात किती ठिकाणी जमीन उकरली गेली हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जेसीबीच्या दातांना खालची केबल दिसत नाही. ज्या घरची तार महामार्गाच्या कडेने येते तेथे हा धोका अधिक, जी गावातल्या खांबांवरून येते तेथे वाऱ्याचा अधिक. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड जिल्ह्यात विजेचे खांब कसे आडवे झाले ते कोणी विसरलेले नाही.

तारेला पर्याय म्हणून हवेतून येणारी जोडणी आता मिळते. २०२३ मध्ये एअरटेल आणि जिओ या दोन्ही कंपन्यांनी आपल्या एअरफायबर सेवा सुरू केल्या. छपरावर एक यंत्र बसते, ते टॉवरकडून फाइव्ह-जीचा सिग्नल घेते आणि घरात वायफाय देते. जेथे टॉवर समोर आहे, उदाहरणार्थ वसाहतीच्या सपाट भागात, तेथे ही सोय चांगली आहे, खोदकामाची भानगड नाही. पण पोलादपूरकडे मध्ये एक डोंगराचा सोंड आला की संपले. घेण्यापूर्वी त्याच छपरावर उभे राहून त्याच कंपनीच्या फाइव्ह-जी मोबाइलवर वेग पाहावा. ओटीवर मोजलेला वेग माजघरात चालत नाही, आणि दुसऱ्याच्या छपरावर मोजलेला आपल्या छपरावर चालत नाही.

वीज गेली की काय?

आमच्या मामूंना जुन्या फोनचा एक गुण फार प्रिय होता. वीज गेली तरी तो वाजायचा. याचे कारण सांगितल्यावर ते चकित झाले. तांब्याच्या फोनला घरची वीज लागतच नसे. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवरून त्याच तारेतून ४८ व्होल्टचा पुरवठा येत असे. काचेच्या तारेतून वीज वाहत नाही. म्हणून फायबरची पेटी घरच्या विजेवर चालते आणि वीज गेली की फोनही बंद, वायफायही बंद. हा बदल बुजुर्गांना आधी सांगितलाच पाहिजे. नाहीतर अंधाऱ्या रात्री छातीत कळ आल्यावर ते त्याच रिसीव्हरकडे हात नेतील.

यावर उपाय स्वस्त आहे. राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, पेटी आणि राउटर त्यावर साधारण दोन-चार तास चालतात. घेताना पेटीच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर दुकानदाराला दाखवावेत. कंपनीची पेटी वेगळी आणि राउटर वेगळा असेल तर दोन्हींना बॅकअप द्यावा लागतो. एकालाच दिला तर उपयोग शून्य, आणि असे करणारे बरेच लोक आम्ही पाहिले. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवरचा सॉकेट दिला की झाले. विजा चमकू लागल्या की अडॅप्टर भिंतीतून काढावा. काच वीज वाहून आणत नाही, पण घरची वायरिंग आणते.

पेटी कोठे बसवायची हेही घरच्यांनी ठरवावे, लाइनमनने नव्हे. तो बिचारा तार जेथून आत येते तेथेच खिळा मारतो, म्हणजे पडवीत किंवा खिडकीशी. आपल्याकडच्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या वा दगडी जाड भिंती वायफाय अडवतात. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर असावा. राउटर दोन प्रकारच्या लहरी देतो. अडीच गिगाहर्ट्झच्या आसपासची भिंतीतून जास्त लांब जाते, पाच गिगाहर्ट्झची वेगवान पण भिंतीपाशी थकते. मामूंच्या मोबाइलला आम्ही पहिलीच लावून दिली. महाड शहरातल्या वाचकांनी तर आणखी एक पाहावे. २०२१ च्या पुराच्या पाण्याची खूण बहुतेक घरांत आहे. सॉकेट आणि पेटी तिच्या वर बसवावी.

त्या पुराचा उल्लेख आला म्हणून सांगतो. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीच्या पाण्याने महाड बुडाले. वीज गेली, मोबाइल मुके झाले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली आणि मदत तेथे पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. अशा वेळी कोणतीही एक कंपनी पुरी पडत नाही. टॉवरलाही वीज लागते, तारेलाही खांब लागतो. म्हणून आमचा आग्रह असा की घरची लाइन ज्या कंपनीची, तिचेच सिम मोबाइलमध्ये ठेवू नये. मोबाइल दुसऱ्या कंपनीचा असावा, आणि शक्य असेल तर मुमानींचा तिसऱ्या. सर्व उधारी एकाच गिऱ्हाइकाकडे कोणी ठेवतो का? एजंट 'सगळे एकाच बिलात' म्हणून सवलत दाखवतो. ती सवलत मुंबईत घ्यावी.

पैशांचा हिसाब

जाहिरातीतला दर कराशिवाय असतो. समजा ३९९ रुपये लिहिले आहेत. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ४७० रुपये ८२ पैसे होतात. सिनेमांच्या अॅपांसह तीच लाइन ५९९ ला देतात, ती करासह ७०६ रुपये ८२ पैशांना पडते. महिन्याला २३६ रुपयांचा फरक, वर्षाला २८३२. मामूंच्या घरी ती अॅपे कोण उघडणार होते? जोडणीचे पैसे, पेटीची अनामत, तारेचे अंतर जास्त असेल तर मीटरमागे जादा आकार, हे सारे वेगळे विचारावे आणि कागदावर लिहून घ्यावे. अनामत परत मिळणारी आहे की पेटीची किंमतच कापली, हा प्रश्न तर जरूर विचारावा. बोलताना दोन्हींना 'डिपॉझिट' म्हणण्याची रीत पडली आहे.

वर्षाचे पैसे आगाऊ भरावेत का? आमचा सल्ला नाही असा आहे, निदान पहिला पावसाळा जाईपर्यंत तरी. दोन महिने फुकट मिळतात ते ऐकायला गोड वाटते. पण जुलै-ऑगस्टमध्ये लाइन दीड महिना बंद राहिली तर ती सवलत तेथेच फिटली, आणि पैसे आधीच गेलेले असल्याने तुमची तक्रार ऐकण्याची कोणाला घाई राहत नाही. महिन्याला पैसे देणारा गिऱ्हाईक उद्या जाऊ शकतो, म्हणून त्याच्या दारी माणूस लवकर येतो. वसाहतीतल्या आमच्या एका स्नेह्याने हिशोब मांडून दाखवले की एकरकमीत वर्षाला आठशे-नऊशे वाचतात. बरोबर आहे, वाचतात. पण त्याच्या वर्कशॉपसमोर लाइनमन रोज चहा प्यायला येतो, मामूंच्या वाडीत येत नाही.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी कायम ठेवता येतो, ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. ब्रॉडबँडला ती नाही. कंपनी बदलायची म्हणजे नवी तार, नवी पेटी, नवी अनामत. मामूंच्या जुन्या नंबराचा प्रश्न यातच अडकला होता. तांब्यावरचा नंबर त्याच कंपनीच्या फायबरवर नेता येतो, दुसऱ्या कंपनीत गेलो तर तो सुटतो. आम्ही आधी हे लेखी विचारून घेतले. ज्या घरी जुन्या नंबराला काही मोल नाही त्यांनी मोकळेपणाने हवी ती कंपनी घ्यावी. मामूंच्या लेखी मात्र तो नंबर शंभर रुपयांच्या फरकापेक्षा मोठा होता आणि तो निर्णय त्यांचा होता. आपण शिकलेसवरलेले लोक असल्या गोष्टीला भावना म्हणून उडवून लावतो. व्यापारात याच गोष्टीला आपण दुकानाचे नाव म्हणतो आणि त्याची पगडी मागतो.

शारजाचा कॉल लागत नाही म्हणून

आपल्या कोकणातल्या मुस्लिम घरांपैकी पुष्कळांचे कोणी ना कोणी आखातात आहे. त्यांच्यासाठी एक खुलासा. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून संदेश जातात, पण आवाजी वा व्हिडिओ कॉलला तेथील नियमांत मुभा नाही. परवानगी असलेल्या अॅपांत बोटिम आपल्या लोकांत अधिक चालते. सौदी अरबस्तानाने नियमांत बसणाऱ्या अॅपांवरच्या कॉलची बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठवली. गावाकडे बुजुर्ग व्हॉट्सअॅपचे बटण दाबतात, कॉल लागत नाही आणि शिव्या ब्रॉडबँडवाल्याला बसतात. वाडीत एका घराने याच कारणाने चांगली चालणारी लाइन बंद करायचे ठरवले होते. जोडणी झाली की मुलगा ज्या अॅपवर आहे तेच मोबाइलमध्ये पहिल्या पानावर ठेवून द्यावे, दोनदा त्यांच्याच हातून लावून घ्यावे. एकेकाळी याच घरांतून कॅसेटमध्ये आवाज भरून कुवेत-दुबईला पाठवत असत. ती पिढी यंत्राला घाबरत नाही, फक्त तिला घाई चालत नाही.

नाव कोणाचे, वही कोणाची

जोडणी बुजुर्गांच्याच नावावर आणि त्यांच्याच आधारवर घ्यावी. मुलाच्या नावावर घेतली आणि मुलगा परदेशी असला की प्रत्येक बदलाला ओटीपी शारजाला जातो. फॉर्म बहुधा इंग्रजीत असतो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मामूंचेही. आम्ही दोघांनी एजंटला समोर बसवून तो फॉर्म ओळीओळीने हिंदीत वाचायला लावला. पाऊण तास लागला. 'किमान बारा महिने सेवा' अशी एक ओळ त्यात निघाली, ती वाचताना एजंटचा आवाज थोडा खाली आला. त्या एजंटची योजना आम्ही सोडून दिली आणि ओढ्यापलीकडच्या माणसाकडून, जुन्या नंबरासह, महिन्याच्या बोलीवर जोडणी घेतली. जुनी तांब्याची तार नवी लाइन आठ दिवस नीट चालल्यावरच काढू दिली.

लाइन आली की ठकही येतात. 'तुमचे केवायसी अपुरे आहे, आज रात्री लाइन कापू' असा संदेश वा फोन आला तर मामूंनी काय करायचे ते ठरवून दिले आहे. फोन ठेवायचा आणि दुरुस्तीवाल्याला त्याच्या वहीतल्या नंबरवर विचारायचे. ओटीपी, यूपीआयचा पिन कोणाला सांगायचा नाही, समोरचा सांगेल ते अॅप उतरवायचे नाही. पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर ताबडतोब कळवायचे, जितकी घाई तितकी रक्कम अडवता येण्याची आशा अधिक. राउटरवर आधीपासून असलेला पासवर्ड बदलून घ्यावा आणि नवा मोठ्या अक्षरात वहीत लिहावा.

ही वही राउटरशेजारी टांगलेली असते. तीत मामू उर्दूत नोंद करतात : कोणत्या तारखेला लाइन गेली, तक्रारीचा क्रमांक काय, कोण आले, केव्हा सुरू झाली. लाल दिवा लागला तर तुटली तार, हिरवे दिवे असूनही चालत नसेल तर पेटी एकदा बंद करून दोन मिनिटांनी चालू करायची, एवढे तंत्र त्यांना पुरते. तक्रार तोंडी दुरुस्तीवाल्याला करावीच, पण कंपनीच्या नंबरवरही करून क्रमांक घ्यावा. क्रमांक नसेल तर तक्रार झालीच नाही असे धरतात. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीने समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, त्याला पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचाराच्या तक्रारी तेथे चालतात असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे. त्या वेळी वहीतली पाने कामास येतात.

आणि कधी लाइन बंद करायचा प्रसंग आला तर फोनवर सांगून थांबू नये. लेखी अर्ज द्यावा, पेटी, अडॅप्टर आणि रिमोट असेल तर तोही परत केल्याची सही-शिक्क्याची पोच घ्यावी, पेटीवरचा अनुक्रमांक त्या पोचेवर लिहून घ्यावा आणि अनामत कोणत्या खात्यात येणार ते तेथेच विचारावे.